यंत्र आपले, परवाना परक्याचा

संगणक विकत घेणे निराळे आणि संगणक बांधणे निराळे, हे पनवेलच्या तरुणाला समजावून सांगावे लागत नाही. हार्बर मार्गाची गाडी पकडून मुंबई गाठायची, ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी अजूनही लॅमिंग्टन रोडच असलेल्या रस्त्यावर, चार दुकानांत भाव विचारायचे आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट असा एकेक भाग घरी आणून जोडायचा, हा परिपाठ मुंबईच्या परिसरात दोन-तीन दशके चालत आला आहे. ‘असेंबल्ड’ हा शब्द त्यामुळे मराठी घरांत पुरता रुळला. बड्या कंपनीची नाममुद्रा असलेला संगणक ज्यांना परवडत नव्हता, अशा असंख्य निम्नमध्यमवर्गीय कुटुंबांत पहिला संगणक आला तो असाच, जुळवलेला.

या जुळणीमागे एक औद्योगिक इतिहास आहे. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा घाईपोटी बहुतेक भाग बाहेरच्या कारखानदारांकडून घेतले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली. परिणामी त्या मापाचे भाग कोणीही बनवू लागला. कंपनीच्या औदार्याचे हे फळ नव्हे; तिच्या हातून निसटलेली मक्तेदारी होय. परंतु त्या निसटण्यातूनच जगभरच्या छोट्या दुकानदाराला, कारागिराला आणि हौशी विद्यार्थ्याला एक यंत्र आतून उघडून पाहता आले, बिघडलेला भाग बदलता आला आणि पाच वर्षांचे जुने यंत्र थोडक्या खर्चात आणखी पाच वर्षे वापरता आले.

तथापि यंत्र जोडून पूर्ण झाले तरी ते मालकाचे होत नाही. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे साऱ्या भागांना कामाला लावणारी मूळ आज्ञावली, घालावी लागते आणि येथे मालकी संपून परवाना सुरू होतो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या आणि स्वतःच्या हाताने जोडलेल्या यंत्रावर कोणती आज्ञावली चालावी, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न हौशी तंत्रज्ञांचा वाटतो, पण तो मालमत्तेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे आणि म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरवणे योग्य नाही.

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ज्याला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात त्या खटाटोपात दिसते. अ‍ॅपल कंपनीची मॅक ओएस ही आज्ञावली केवळ त्या कंपनीच्या संगणकावर चालवावी, अशी अट तिच्या परवान्यातच लिहिलेली असते. २००५ साली कंपनीने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये तशी पहिली यंत्रे विक्रीस आली. त्या दिवसापासून अ‍ॅपलचे यंत्र आणि लॅमिंग्टन रोडवर जुळवलेले यंत्र यांच्या अंतर्रचनेत मूलभूत असा फरक उरला नाही; फरक उरला तो किमतीत. मग जगभरच्या हौशी लोकांनी साध्या जुळवलेल्या यंत्रावर ती आज्ञावली चालवण्याचा चंग बांधला.

हे काम कसे होते ते पाहण्यासारखे आहे. अ‍ॅपलची आज्ञावली सुरू होताना यंत्रातील एका विशिष्ट चिपकडे ओळखीची खूण मागते. ती खूण न मिळाल्यास काम थांबते. खूण पडताळणाऱ्या भागाला कंपनीने जे नाव दिले आहे त्याचा अर्थच ‘आमची वस्तू चोरू नका’ असा होतो. हौशी मंडळी यंत्र सुरू होण्याच्या आणि आज्ञावली जागी होण्याच्या मधल्या क्षणी स्वतः लिहिलेली एक छोटी आज्ञावली घुसवतात. प्रारंभी कॅमेलियन, पुढे क्लोव्हर आणि अलीकडच्या काळात ओपनकोअर ही तिची नावे. ती मूळ आज्ञावलीला पटवून देते की, आपण अमुक वर्षीच्या अमुक आयमॅकवर चालत आहोत. त्यानंतर आवाजासाठी एक जोड, पडद्यासाठी दुसरी, वायफायसाठी तिसरी. यूएसबीच्या खाचा एका नियंत्रकावर पंधरांहून अधिक असतील तर ती आज्ञावली जास्तीच्या खाचा मानतच नाही. म्हणून प्रत्येक खाचेत पेनड्राइव्ह घालून नकाशा काढावा लागतो. ग्राफिक्स कार्ड एएमडीचे हवे, कारण एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना २०१८ च्या आवृत्तीपासून दार बंद झाले. प्रोसेसर इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचा असल्यास ठीक, कारण अ‍ॅपलने स्वतः त्यापुढे इंटेलकडे पाहिलेच नाही. एवढे सगळे जमून आले तरी पुढचा सुधारणा-हप्ता आला की पुन्हा सर्व बिनसण्याची धास्ती असतेच.

यात चोरी किती आणि स्वातंत्र्य किती? अमेरिकेत सायस्टार नावाच्या एका लहान कंपनीने २००८ साली असे जुळवलेले संगणक उघडपणे विकायला काढले. अ‍ॅपलने दावा लावला, नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने सायस्टारविरुद्ध निकाल दिला आणि २०११ साली वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, आज्ञावली विकली जात नाही, तिच्या वापराची परवानगी दिली जाते, आणि परवानगी देणारा अटी घालू शकतो. सायस्टारने आज्ञावलीची डबी पैसे मोजून घेतली होती, हा मुद्दा तेथे टिकला नाही. भांडवलशाही कायद्याची कसोटी म्हणून हा निकाल तर्कशुद्ध असेलही. परंतु त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. ज्याला आपण ‘खरेदी’ म्हणतो तो व्यवहार या क्षेत्रात मुदतीचा, सशर्त आणि एकतर्फी रद्द होऊ शकणारा भाडेपट्टा आहे.

पनवेल ज्या जिल्ह्यात आहे, तो १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा भाडेपट्ट्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. खोताच्या जमिनीत घाम गाळणाऱ्या कुळाला बांधावरच्या झाडावरही हक्क सांगता येत नसे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवून तो चालवला, तो याच प्रश्नावर. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि खोतीचा कायदेशीर अंत पुढे १९४९ च्या कायद्याने झाला. संगणकाची तुलना जमिनीशी करताना सावधगिरी हवी, कारण जमीन एकाने कसली की दुसऱ्याला कसता येत नाही. आज्ञावलीची नक्कल हजारोंनी वापरली तरी मूळ वस्तू तसूभरही कमी होत नाही. पण हा फरक खोताच्या बाजूने जात नाही. ज्या वस्तूची टंचाई निसर्गतः नाहीच, तिची टंचाई परवान्याने निर्माण करून खंड वसूल करणे याला जमिनीच्या खंडाइतकाही आधार नाही.

आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याच्या श्रमाचे मोल मिळायला हवे, यावर वाद नाही. पण श्रम कोणाचे, हेही पाहावे लागते. अ‍ॅपलच्या आज्ञावलीचा गाभा ज्या दोन कामांवर उभा आहे, त्यांपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत झाले आणि दुसरे कार्नेगी मेलन विद्यापीठात. दोन्हींना अमेरिकी सरकारच्या संरक्षण-संशोधन खात्याचा पैसा होता. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या ज्ञानावर खाजगी भिंत उभारायची आणि भिंतीपलीकडून आत येणाऱ्याला चोर म्हणायचे, हा प्रकार इंग्लंडातील गायरानांना कुंपणे पडली तेव्हापासून चालत आलेला आहे.

एवढे म्हटल्यावरही या हौशी मार्गाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. तो बंडखोर दिसतो, पण मूलतः परावलंबी आहे. मालकाच्या घरात मागच्या दाराने शिरणारा मनुष्य घराचा आराखडा बदलू शकत नाही. अ‍ॅपलने २०२० पासून स्वतःचे प्रोसेसर वापरायला प्रारंभ केला आणि जून २०२५ मध्ये जाहीर केले की टाहो ही इंटेल यंत्रांवर चालणारी अखेरची आवृत्ती होय. त्या एका घोषणेने जगभरच्या वीस वर्षांच्या खटपटीला मुदत पडली. ज्यांनी या कामात रात्री घालवल्या त्यांचे ज्ञान वाया गेले असे नव्हे. यंत्र कसे जागे होते, भाग एकमेकांशी कसे बोलतात, याचे इतके सखोल शिक्षण एखाद्या पदविका अभ्यासक्रमातही मिळत नाही. पण जे कंपनीच्या इच्छेवर उभे होते, ते कंपनीच्या इच्छेने बसले.

येथे आपल्याच देशातील एका प्रकरणाची आठवण करून देणे आवश्यक आहे, कारण ते समाजवादी चळवळीच्या खात्यावर जमा असूनही चळवळ ते विसरली. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत भारतातील मोठ्या संगणकांचा बाजार बव्हंशी आय.बी.एम.च्या मुठीत होता. विकसित देशांत वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे येथे आणायची, डागडुजी करायची आणि जबर भाड्याने द्यायची, ही त्या कंपनीची रीत. संगणक वापरणारी संस्था यंत्राची मालक नसे. ती भाडेकरू असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह १९७७ साली जनता सरकारने धरला. उद्योगमंत्रिपदी जॉर्ज फर्नांडिस होते. कंपनीने नकार दिला आणि १९७८ साली ती देशातून गेली.

या घटनेची चर्चा नेहमी कोका-कोलाच्या जोडीने, काहीशा थट्टेच्या सुरात होते. जे घडले ते मात्र थट्टेचे नव्हते. कंपनी गेल्यानंतर देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांचे काय होणार? कंपनीचा पाठिंबा नसलेले यंत्र म्हणजे लोखंड, असे सांगणारे त्या काळीही होतेच. सरकारने १९७५ साली स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सी.एम.सी.ने, ती यंत्रे सांभाळण्याची जबाबदारी घेतली आणि ती चालू ठेवली. मूळ उत्पादक निघून गेल्यावर यंत्र जिवंत ठेवण्याचे कौशल्य भारतीय तंत्रज्ञांनी, सार्वजनिक क्षेत्रात, कमावले. त्याच संस्थेने पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण करून दाखवले. २००१ साली केंद्र सरकारने सी.एम.सी.तील आपला ५१ टक्के हिस्सा टाटांना विकला आणि २०१५ साली ती कंपनी टीसीएसमध्ये विलीन होऊन नावानेही संपली. दुरुस्ती हे राष्ट्रीय धोरण होऊ शकते, याचा आपल्याजवळचा सर्वांत मोठा पुरावा अशा रीतीने एका खाजगी ताळेबंदात विरघळून गेला.

कामगार चळवळीनेही त्या काळी अर्धाच प्रश्न विचारला, असे आज म्हणावे लागते. आयुर्विम्यातील आणि बँकांतील संघटनांनी संगणकाला विरोध केला तो नोकऱ्या जातील म्हणून. त्या भीतीला आधार होता. यंत्र किती माणसांचे काम खाणार, याची मोजदाद झाली. यंत्र आणि त्यातील आज्ञावली कोणाच्या मालकीची राहणार, हा प्रश्न मात्र वाटाघाटींच्या टेबलावर क्वचितच आला. पुढे यंत्रे आली, करार झाले, आणि मालकीचा प्रश्न न विचारलेलाच राहिला.

तो प्रश्न आज पनवेलच्या सामान्य माणसाच्या दारात उभा आहे, आणि तो अ‍ॅपलच्या वाटेने आलेला नाही. हॅकिंटॉश करणारे मूठभर. विंडोज वापरणारे सर्व. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. तिच्या जागी यावयाची विंडोज ११ मात्र प्रत्येक यंत्रावर चढत नाही. तिला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि प्रोसेसर साधारणतः २०१७-१८ नंतरचा हवा. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असो, ते नापास. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की, जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

सुरक्षेचे कारण सर्वस्वी खोटे नाही. गुप्त किल्ल्या स्वतंत्र चिपमध्ये ठेवल्याने यंत्र अधिक सुरक्षित होते, हे तंत्रज्ञ मान्य करतात. पण अट न पाळणाऱ्या यंत्रावरही विंडोज ११ चालते. तशी ती चढवण्याची एक युक्ती २०२१ साली खुद्द कंपनीनेच प्रसिद्ध केली होती, सोबत इशारा एवढाच की पुढे सुरक्षा-सुधारणा मिळण्याची हमी नाही. म्हणजे अडचण यंत्राच्या कुवतीची नाही, कंपनीच्या जबाबदारीची आहे. चालेल, पण आम्ही बांधील नाही. ‘अनधिकृत’ या शब्दाचा अर्थ या व्यवहारात इतकाच उरतो.

आणखी एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुनी विंडोज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाला एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली, ती ३० डॉलर मोजून, किंवा आपल्या यंत्रातील मांडणी कंपनीच्या खात्यात साठवून, किंवा कंपनीचे बक्षीस-गुण खर्चून. युरोपात ग्राहक-संघटनांनी या अटींवर आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीला तेथील ग्राहकांसाठी पैशाची व साठवणुकीची अट मागे घ्यावी लागली. तीच आज्ञावली, तीच कंपनी. युरोपातल्या ग्राहकाला एक न्याय आणि खोपोलीच्या ग्राहकाला दुसरा. फरक कायद्याचा आणि संघटनेचा आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले. त्यावर कंपन्यांच्या सेवाकेंद्रांचे पत्ते मिळतात. समितीतून संकेतस्थळ निघाले. हक्क निघाला नाही.

महाराष्ट्रात या परावलंबनाला एक खास मराठी परिमाण आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. गावोगावच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या टेबलांवर कालबाह्य विंडोज आणि पेजमेकरची जुनी आवृत्ती अजून जपलेली आढळते. हा आळस नव्हे. नव्वदच्या दशकापासून मराठीची अक्षरजुळणी ज्या फाँटांत झाली, त्यांची आतली सांकेतिक मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी होती. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला तर अक्षरांच्या जागी भेंडोळे दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले होते, तरी धंद्याने ते स्वीकारायला फार काळ लावला. परिणामी पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका, निकालपत्रे असा दीड-दोन दशकांचा मराठी मजकूर बंद पेटीत राहिला, आणि ती पेटी उघडण्यासाठी छापखानेवाल्याला जुने यंत्र, जुनी आज्ञावली आणि जुना परवाना या तिन्हींची निगा राखावी लागते. ज्या दिवशी ते यंत्र बंद पडते, त्या दिवशी तो मजकूरही अडकतो. भाषेचे स्मारक उभारणाऱ्यांनी एखादा दिवस अशा छापखान्यात काढावा.

याच्या उलट उदाहरणही मुंबईतीलच आहे. एक टाईप या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली दिले. ते कोणीही, कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर वापरू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो. मराठीला आज मुक्त आज्ञावलीच्या संगणकावर काडीचीही अडचण येत नाही, यात अशा कामाचा मोठा वाटा आहे.

मुक्त आज्ञावली हा शब्द आता स्पष्ट करायला हवा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने १९९१ साली लिहिलेला लिनक्सचा गाभा यांतून जी परंपरा उभी राहिली, तिचा परवाना उलट्या दिशेने काम करतो. येथे वापरणाऱ्यावर अट घातली जाते ती एवढीच की, जे तुला मोकळे मिळाले ते पुढच्यालाही मोकळेच दे. दहा-बारा वर्षांपूर्वी जुळवलेला पनवेलचा संगणक, जो विंडोज ११ च्या परीक्षेत नापास होतो, तो डेबियन किंवा उबुंटू घातल्यास पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास आणि छपाईच्या कामांस पुरेसा ठरतो. भंगार ठरवलेले यंत्र केवळ आज्ञावली बदलल्याने कामास लागते. मग ते भंगार होते कोणाच्या दृष्टीने?

मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांत एक भाबडेपणा असतो, त्याचीही दखल घेतली पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांत आज बहुसंख्य बड्या कंपन्यांचे पगारदार आहेत. हौशी स्वयंसेवकांचे ते गोकुळ राहिलेले नाही. पनवेलच्या दुकानदाराला टॅली हवी असते, वकिलाला आणि सनदी लेखापालाला सरकारी संकेतस्थळावर सही करण्यासाठी ठराविक साधन हवे असते, आणि ती विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. प्रिंटर एखाद दिवशी हट्टाला पेटतो आणि त्या दिवशी हाकेला येणारा जाणकार जवळपास नसतो. ‘फुकट आहे’ एवढे सांगून कोणी वळत नाही. शिकवणारा माणूस आणि दुरुस्त करणारा माणूस गावात असावा लागतो. ही व्यक्तीच्या निवडीने सुटणारी बाब नाही, सार्वजनिक व्यवस्थेची आहे.

केरळने हे ओळखले. तेथे २००१ साली आयटी अ‍ॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, सरकारी शाळांतील संगणक क्रमाक्रमाने मुक्त आज्ञावलीवर नेण्यात आले आणि शिक्षकांना हजारोंनी प्रशिक्षण दिले गेले. २०१७ साली त्याच प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली आणि ती शाळांसाठी मल्याळम भाषेसह स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करते. महाराष्ट्रानेही २००१ सालीच एम.के.सी.एल. आणि एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून लाखो मुला-माणसांना संगणकाची तोंडओळख झाली, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्या ओळखीतला संगणक म्हणजे प्रामुख्याने एका कंपनीची विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस. राज्याच्या साक्षरता-मोहिमेने एका परदेशी कंपनीचे ग्राहक घडवले, आणि तेही शिकणाऱ्याच्या शुल्कातून. दोन राज्ये, एकच वर्ष, आणि दोन दिशा. आपल्याकडे साधने नव्हती असेही नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्याच चेन्नई केंद्रातून ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम २००७ साली बाहेर आली. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. धोरण कागदावर आणि निविदा विंडोजच्या, अशी स्थिती किती सरकारी कचेऱ्यांत आहे, हे मोजण्यासाठी संशोधकाची गरज नाही. पनवेलच्या तहसील कचेरीतील पडद्याकडे पाहिले तरी अंदाज येईल.

दरम्यान, यंत्र स्वतः जुळवण्याचा मार्गच अरुंद होत चालला आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव असे भडकले की, जुळवलेला संगणक हा स्वस्ताईचा मार्ग राहिला नाही. कारण उघड आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन आगाऊ उचलले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकाला मेमरी विकण्याचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. याच मायक्रॉनच्या गुजरातेतील साणंद येथील प्रकल्पाची घोषणा जून २०२३ मध्ये झाली, तेव्हा २.७५ अब्ज डॉलरच्या एकूण खर्चापैकी ५० टक्के केंद्र सरकार आणि २० टक्के गुजरात सरकार देईल असे ठरले. सत्तर टक्के पैसा जनतेचा आणि जनतेला किरकोळ विक्री बंद.

पनवेलला हे दूरचे वाटू नये. योट्टा कंपनीचे एनएम-१ हे प्रचंड डेटा सेंटर २०२० साली सुरू झाले ते पनवेलच्याच हद्दीत. तेथे वीज, जमीन, रस्ता आणि सवलती अग्रक्रमाने पोहोचतात. त्या इमारतीत ठेवलेली संगणन-शक्ती उद्या पनवेलच्याच विद्यार्थ्याला मासिक वर्गणीने भाड्याने मिळेल, आणि त्याच्या टेबलावरचे यंत्र केवळ पडदा आणि कळफलक एवढे उरेल. आय.बी.एम.चे १४०१ जसे भाड्याने मिळत असे, तसेच हे. फरक एवढा की, या वेळी यंत्र दिसणारही नाही आणि कंपनी निघून गेल्यावर सांभाळायला हाती काही उरणार नाही.

अशा वेळी मागण्या नेमक्या असाव्या लागतात. सरकारी पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकावर मुक्त आज्ञावली चालेलच, अशी अट निविदेत लिहिली गेली पाहिजे, आणि शासनाचे कोणतेही संकेतस्थळ एका कंपनीच्या आज्ञावलीवाचून अडणार नाही, हे पाहिले पाहिजे. उत्पादकाने आधार काढून घेतला, तर त्या यंत्राची कुलुपे उघडण्याची आणि तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. पण धडधाकट यंत्र कचरा ठरवणाऱ्या निर्णयाची जबाबदारी त्यांत कोणावरच नाही. यंत्र तळोज्याच्या कारखान्यात चिरडले गेले की नियमाचे समाधान होते. ते आणखी सात वर्षे चालले असते, याची नोंद होत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. पनवेल तालुक्यातच, तारा गावी, १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचे काम उभे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत निधन पावलेले डॉ. जी. जी. पारीख यांनी तेथे तेलघाणी, साबण, मातीकाम असे ग्रामोद्योग रुजवले ते एका साध्या विचाराने की, उत्पादनाचे तंत्र वापरणाऱ्याच्या हातात राहावे. त्या पंक्तीत संगणक-दुरुस्तीचे एक टेबल विसंगत दिसणार नाही. तालुक्यातील सहकारी पतसंस्था, ग्रंथालये आणि शाळा आधार संपलेली यंत्रे आता मोडीत काढत आहेत, भंगारवाला ती वजनावर नेतो. आयटीआय आणि पदविका शिकणारी चार मुले, पेनड्राइव्हवर घेतलेली डेबियन, आणि दर रविवारी दोन तास एवढ्या सामग्रीवर ती यंत्रे जिल्हा परिषदेच्या शाळांत पोहोचू शकतात. पहिल्या महिन्यात प्रिंटर त्रास देतील, मराठी कळफलक कसा बसवायचा हे प्रत्येक शिक्षकाला दोनदा सांगावे लागेल, आणि एखाद्या मुख्याध्यापकांना विंडोज दिसत नाही म्हणून यंत्र नादुरुस्तच आहे असे वाटेल. त्यांना समोर बसवून इन्स्क्रिप्टमध्ये मराठीतून एक पत्र लिहून दाखवावे लागेल.